ओकावांगो की लुआंग्वा? आधी सुट्टी कधी आहे ते सांगा

सफारीचं ठरवताना आपण आधी प्राणी विचारतो आणि मग पैसे. पण बोट्सवानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश आणि झांबियातलं दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान यांतलं एक निवडायचं असेल, तर माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: सुट्टी मे महिन्यातली आहे की दिवाळीतली? तिथल्या ओकावांगो आणि लुआंग्वा या दोन नद्यांचं वर्षाचं वेळापत्रक एकमेकींच्या उलट चालतं आणि मुलांच्या शाळेचं वेळापत्रक आपल्याला बदलता येत नाही.

ओकावांगोचं पाणी येतं अंगोलाच्या पठारावरून. तिथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो आणि कुइतो नद्यांतून खाली उतरतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोट्सवानात शिरतं आणि कलहारीच्या वाळूत पसरतं. ही नदी समुद्राला मिळतच नाही. उतार इतका नाममात्र, की दक्षिण टोकाच्या माउन गावापाशी पाणी पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे बोट्सवानात पावसाचा थेंब नसताना, ऐन हिवाळ्यात, पूर येतो. आसपासचं रान वाळलेलं आणि मधोमध पपायरसच्या उंच लव्हाळ्यांची हिरवी दाटी, त्यामुळे हत्ती, म्हशी, लेचवे हरणं सगळी पाण्याच्या दिशेने सरकतात. तिथली कितीतरी बेटं मुळात वाळवीच्या वारुळावर उभी आहेत: वारूळ पाण्याच्या वर राहतं, त्यावर झाड धरतं, झाडाभोवती माती साठते. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १,०००वं स्थळ म्हणून ओकावांगोची नोंद झाली.

लुआंग्वाचं पाणी मात्र तिथल्याच पावसाचं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, नदी हळूहळू दुथडी भरून वाहू लागते, कच्चे रस्ते चिखलात जातात आणि आतले बरेचसे छोटे कॅम्प बंद असतात. मेपासून पाणी उतरू लागतं. ही नदी वळणं घेत पात्र बदलत राहते, मागे नालाकृती सरोवरं सोडते (भूगोलाच्या पुस्तकातली ती आकृती इथे प्रत्यक्ष दिसते), आणि ऑक्टोबरपर्यंत उरलेल्या डोहांत पाणघोडे अक्षरशः एकमेकांना खेटून पडलेले असतात. त्याच सुमारास नदीच्या उभ्या दरडींवर किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती गजबजतात. आपल्या तारेवर बसणाऱ्या हिरव्या वेड्या राघूचे हे भाऊबंद, रंग मात्र लालभडक. पक्षी पाहणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी ऑक्टोबरचं चाळीसच्या आसपासचं ऊन सोसावं, असं मी मनापासून सांगेन.

म्हणून मेची सुट्टी असेल तर ओकावांगो. पुराचं पाणी तेव्हा वरच्या भागात पसरू लागलेलं असतं आणि हवा सुखाची असते. फक्त कॅम्प बारमाही पाण्याच्या भागातला निवडा. माउनच्या जवळचा पाट त्या वेळी कोरडाही असू शकतो. पहाटेसाठी स्वेटर न्या. लुआंग्वात मे महिन्यात गवत अजून उंच असतं, प्राणी विखुरलेले असतात.

आता पाहण्याची रीत. ओकावांगोत मोकोरोत बसायचं. ही अरुंद होडी पूर्वी एका खोडातून कोरत, आता बहुतेक फायबरची असते. मागे उभा असलेला नावाडी लांब काठीने ती ढकलतो. इंजिनाचा आवाज नाही, डोळे पाण्याच्या पातळीवर, कमळाच्या पानांखालून मासे सरकताना दिसतात. सिंह-बिबटे मोजायला ही जागा नाही. तो हिशेब जीपमधून मोरेमीत करायचा. मोरेमी हे अभयारण्य तिथल्या बटावाना लोकांनी १९६३ साली आपल्याच जमिनीवर राखलं.

लुआंग्वात पायी चालायचं. पायी सफारीची परंपरा इथूनच रुजली आणि तिच्याशी वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांचं नाव जोडलेलं आहे. पुढे बंदूकधारी रक्षक, मागे गाईड, मग आपण एका रांगेत. ताडोबात जिप्सीतून पाय खाली टाकायची मुभा नसते. इथे हत्तीच्या ताज्या लेंड्यांशेजारी उभं राहून गाईड त्यातल्या बिया दाखवतो. त्यात रात्रीची सफारी उद्यानाच्या आतच होते आणि बिबट्यांसाठी हे रान प्रसिद्धच आहे. ९,०५० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात गेंडा मात्र नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना पायी सफारीत सहसा घेत नाहीत. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मोकोरोत पाय पसरून तळाशी बसणं त्यांना जड जाईल. त्यांच्यासाठी मोटरबोट असलेला कॅम्प शोधा.

पैशांच्या बाबतीत ओकावांगो महाग आहे. थोडे पर्यटक आणि चढे दर हे बोट्सवानाचं ठरलेलं धोरण आहे, शिवाय बऱ्याच कॅम्पवर छोट्या विमानानेच जावं लागतं. त्या विमानात कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशवी लागते. लुआंग्वालाही स्वस्त म्हणवत नाही, पण म्फुवे या गावाच्या बाजूला उद्यानाच्या फाटकाबाहेर राहून आत सफारी करता येते आणि तिथे खर्च बराच आवाक्यात येतो. मुंबईहून झांबियाच्या राजधानीला, लुसाकाला, आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाता येतं, पुढे म्फुवेचं छोटं विमान. माउनसाठी बहुधा जोहान्सबर्गला उतरावं लागतं.

मलेरियाच्या गोळ्या दोन्हीकडे, डॉक्टरांना विचारून. लुआंग्वात निळे-काळे कपडे टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. शाकाहारी असाल तर कॅम्पला बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहा, कारण आतल्या कॅम्पवर भाजी रोज येत नाही.

दिवाळीत लुआंग्वा ठरवत असाल तर तारीख बघा. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे; तोवर पावसाची चाहूल लागते आणि आतले कॅम्प आवराआवरीला लागतात. २०२७ला ते २९ ऑक्टोबरला आहे. एक वर्ष थांबता येत असेल, तर थांबा.