इलोफोटेज अल्फा : सेप्सिसमध्ये मूत्रपिंड वाचवू पाहणाऱ्या औषधाचे परीक्षण

सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णाचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातील टाकाऊ पदार्थ) चढू लागले की अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, किडनी वाचवण्याचे एखादे इंजेक्शन नाही का? सेप्सिसमध्ये मूत्रपिंडांना होणारी ही इजा रोखणारे सिद्ध औषध आज वैद्यकाच्या हाती नाही. त्या ध्येयाच्या दिशेने मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचलेले एक औषध म्हणजे नेदरलँड्समधील एएम-फार्मा या कंपनीचे इलोफोटेज अल्फा. ते सर्वसामान्य वापरात आलेले नसल्यामुळे हे परीक्षण प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांवरच आधारलेले आहे.

यकृताच्या तपासणीच्या अहवालात ज्याचा आकडा आपण वाचतो, ते अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) या औषधाच्या मुळाशी आहे. काही जिवाणूंच्या आवरणातून सुटणाऱ्या एंडोटॉक्सिन या विषारी द्रव्याचा फॉस्फेट हे विकर काढून टाकते आणि त्याची धार बोथट करते. शिवाय इजा झालेल्या पेशींमधून बाहेर पडणाऱ्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे रूपांतर दाह शमवणाऱ्या अडेनोसिनमध्ये होण्यास ते हातभार लावते. सुरुवातीच्या प्रयोगांत हे विकर वासरांच्या आतड्यातून मिळवत असत. पुढे मानवी आतडे आणि गर्भाची वार (प्लॅसेंटा) यांतील विकरांचे भाग जोडून जनुकतंत्राने नवे रेणू घडवण्यात आले. कल्पना खरोखर देखणी आहे, आणि त्यात दोष शोधताना मला आनंद होत नाही.

पहिल्या मोठ्या चाचणीत ३०१ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आठवड्यातील मूत्रपिंडांच्या कार्यात अपेक्षित फरक सिद्ध झाला नाही, तरी अधिक मात्रा मिळालेल्या गटात मृत्यू कमी दिसले. त्यामुळे ‘रिव्हायव्हल’ ही पुढची चाचणी मुळातच मृत्यूदराकडे पाहणारी आखली गेली. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे तीन दिवस औषध देण्यात आले. यशाची शक्यता उरली नाही म्हणून सुमारे ६५० रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली, कारण २८ दिवसांतील मृत्यूदर औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांत २७.९ टक्केच होता. मृत्यू, डायलिसिसची गरज, मूत्रपिंडांच्या कार्यातील घट वगैरे गोष्टी ९० दिवसांपर्यंत एकत्र मोजणाऱ्या निकषावर मात्र सुमारे ५७ विरुद्ध ६५ टक्के असा फरक औषधाच्या बाजूने दिसला. तो दुय्यम निकष होता; तेवढ्यावर औषध विकत घ्यावे असे मी सांगणार नाही, पण तो फरक केराच्या टोपलीत टाकण्याजोगाही नाही.

माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. रक्तातील क्रिएटिनीन ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले की निदान होते, पण तोवर मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांमधील पेशींना बसायचा तो फटका बहुतांशी बसून गेलेला असतो. शिवाय पावसाळ्यात मुंबई-कोकणात फाल्सिपॅरम मलेरियाने मूत्रपिंडे बंद पडलेला रुग्ण येतो तेव्हा, तो आजार जिवाणूंचा नसल्यामुळे, एंडोटॉक्सिनचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मग थेट जनुकीय उपचार का नको, असे कोणी विचारील. विषाणूवाहकाच्या मार्गाने दिलेल्या जनुकापासून पुरेसे प्रथिन तयार व्हायला अनेकदा दिवस किंवा आठवडे लागतात, शिरेतून दिलेल्या एएव्ही या नेहमीच्या विषाणूवाहकाचा बराच भाग यकृतात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून पलीकडे जाण्यास तो आकाराने मोठा पडतो. सेप्सिस तासांत चाल करतो. आरएनए-आधारित टेप्रासिरान या दुसऱ्या प्रायोगिक औषधाची रीत वेगळी होती : हे लहान रेणू नलिकांच्या पेशींत लवकर शिरतात आणि इजा झालेल्या पेशीला मरणाकडे ढकलणाऱ्या पी-५३ जनुकाचा आवाज काही काळ बंद ठेवतात. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या मध्यम आकाराच्या चाचणीत मूत्रपिंडांना अचानक इजा होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ५० वरून ३७ टक्क्यांवर आले, मात्र पुढच्या मोठ्या चाचणीत हे यश टिकले नाही. तरीही शस्त्रक्रियेची वेळ आधी ठाऊक असते, सेप्सिसची नसते. म्हणून जनुकीय संरक्षणाची पहिली खरी कसोटी मला शस्त्रक्रियागृहातच होताना दिसते.

इलोफोटेज अल्फाला मी पाचपैकी दोन गुण देतो : एक सुरेख रचनेसाठी आणि एक त्या दुय्यम फरकासाठी. उरलेले तीन मिळवायचे असतील, तर इजा क्रिएटिनीनच्या आधी दाखवणाऱ्या चाचणीच्या जोडीने, लवकर निवडलेल्या रुग्णांवर हे औषध पुन्हा तपासले गेले पाहिजे. तोवर वेळेवर प्रतिजैविक, संसर्गाचा उगम काढणे, रक्तदाब राखणे आणि मूत्रपिंडांना घातक वेदनाशामके टाळणे, हीच कामे नातेवाइकांनी डॉक्टरांकडे आग्रहाने विचारावीत.