कॅथलिक होमस्कूलिंगसाठी मॉन्टेसरी साहित्य: दोन पावसाळे वापरल्यानंतरचा अनुभव (ठाणे)

माहेर वसई, सासर ठाणे, घरी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा साडेतीन, दोघांचं शिकणं घरीच चालू आहे. मॉन्टेसरी पण आणि आपला कॅथलिक विश्वास पण, दोन्ही एकाच घरात एकाच शेल्फवर कसं बसवता असं मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात बऱ्याच आया विचारतात, सेट कुठला घेऊ हा तर ठरलेला प्रश्न, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी माझं मत. गणित, भाषा, इंद्रियशिक्षण यांचं साहित्य जसं आहे तसंच वापरा, त्याला धार्मिक रंग द्यायला जाऊ नका. आणि धर्माचं साहित्य रेडिमेड घेऊ नका, स्वतः बनवा किंवा बनवून घ्या.

ऑनलाइन 'कॅथलिक मॉन्टेसरी' म्हणून जे प्रिंटआउटचे पॅक मिळतात त्यातला एक मी काढून लॅमिनेट करून वापरून बघितला. संतांची चित्रं मोजा, क्रूसाच्या आकारावर पेन्सिल फिरवा, मेंढ्यांची बेरीज करा असं सगळं. मुलीने पाच मेंढ्या मोजल्या आणि पुढच्या कार्डावर गेली, ना पाच आकडा डोक्यात बसला ना मेंढपाळ. मॉन्टेसरीचं साहित्य असं चालतच नाही ना. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, रंग एकच, लाकूड एकच, आकार एकच, बदलतं फक्त माप, एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत, म्हणजे मुलाचं सगळं लक्ष त्या एका फरकावर जावं. त्यावर क्रूसाचे स्टिकर लावले की ते साधन बिघडलं. आणि मला जास्त टोचतं ते दुसरं, देव म्हणजे वर्कशीटची सजावट होऊन बसतो.

काहींना वाटतं की आपण दोन वेगळ्या गोष्टी ओढून जुळवतोय, तसं नाही. ही पद्धत काढणारी मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीतलं तिचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला उघडलं, म्हणजे तीन राजांच्या सणालाच. पुढे बार्सिलोनामध्ये तिने मुलांसाठी धर्माची वेगळी खोली केली, मुलांनी गहू पेरला, द्राक्षं लावली, तीच परमप्रसादासाठी, म्हणजे मिस्सातल्या भाकरी आणि द्राक्षरसासाठी. मग १९५४ मध्ये रोममध्येच सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी 'उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण' सुरू केलं (उत्तम मेंढपाळ म्हणजे येशू), तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा असे गट, आणि त्यातलं बरंचसं साहित्य शिकवणाऱ्याने स्वतःच्या हाताने बनवायचं अशी पद्धत. आमच्याकडे वेगळी खोली नाही, हॉलच्या खिडकीजवळचा एक कोपरा आहे, तेवढ्यात छान भागतं.

आता विकतचं. गुलाबी मनोरा घेताना एक तपासणी नक्की करा, सगळे ठोकळे एका कोपऱ्याला टेकवून रचा, दुसऱ्या बाजूने जी पायरी तयार होते तिच्यावर सगळ्यात छोटा ठोकळा बरोब्बर बसला पाहिजे, प्रत्येक पायरीवर. नाही बसला तर माप चुकलंय, परत करा. मुठीचे सिलिंडर, म्हणजे वर धरायला मूठ असलेले आणि लाकडाच्या खाचांत बसवायचे, ते मात्र ठाण्याच्या हवेला टिकत नाहीत. जुलैत लाकूड फुगलं आणि जाड सिलिंडर खाचेतून निघेचनात, मुलाला वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ज्या साधनाने चूक मुलाला स्वतःहून कळायला हवी तिथे असं होणं म्हणजे साधन बाद. शेवटी बारीक पॉलिश पेपर मारून वर मेणबत्तीचा उरलेला तुकडा घासला, आता बरं चालतं, पण पावसाळाभर ते कपाटातच ठेवते. एकक, दहा, शंभर, हजार शिकवायचे सोनेरी मणी उत्तम, काही तक्रार नाही, हजारच्या ठोकळ्यासाठी मात्र उगाच जास्त पैसे घालू नका, लाकडी चालतो.

धर्माच्या कोपऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते. सगळ्यात उपयोगी पडलं ते उपासना वर्षाचं, म्हणजे चर्चच्या वर्षातल्या सण-काळांचं चक्र. ओळखीच्या सुतारकाकांकडून ५२ लाकडी तुकडे कापून घेतले, एक तुकडा एक रविवार, नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार जांभळे, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे सहा जांभळे, नाताळ आणि ईस्टरचे पांढरे, पेंटेकॉस्टचा (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) एकच लाल आणि बाकी सगळे, म्हणजे सामान्यकाळाचे, हिरवे. दर रविवारी मुलं काटा एक घर पुढे सरकवतात आणि मग चर्चमध्ये फादरांचा झगा त्याच रंगाचा निघतो का ते बघतात. पेंटेकॉस्ट झाल्यावर हिरव्यांची लांबलचक रांग लागते, नेमके आपले पावसाचे महिने, येऊरचा डोंगर पण तेव्हाच हिरवा होतो, आणि मुलगी एकदा खिडकीतून बघत आपणहून म्हणाली, मम्मी बाहेर पण सामान्यकाळ आलाय. हे मी शिकवलं नव्हतं. कुठल्या विकतच्या पॅकमध्ये हे मिळेल असं मला वाटत नाही कारण परदेशी पॅकमध्ये आगमनकाळ म्हटलं की बर्फच असतो.

छोटी वेदी पण सुतारकाकांचीच, पितळेचा इवलासा प्याला जांभळी नाक्याच्या बाजारात मिळाला, वेदीवरचं कापड आईने क्रोशाचं करून दिलं. खरी काच, खरं पितळ, खरी मेणबत्ती, प्लास्टिक नको. वेदी मांडणं, कापड घडी घालणं, द्राक्षरसाच्या प्याल्यात पाण्याचे दोन थेंब घालणं, धाकटा हे इतक्या हळूवार करतो की जेवणाच्या ताटापाशी बसलेला मुलगा हाच का असं वाटतं.

येशूच्या दाखल्यांना, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांना, तर घरातल्याच वस्तू लागतात. मोहरीचा दाणा मिसळणाच्या डब्यात आहेच, एक दाणा तळहातावर ठेवायचा आणि थांबायचं, अर्थ सांगायची घाई करायची नाही, 'याच्यात काय असेल' एवढंच विचारायचं. खमिराच्या दाखल्याला मी फुग्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ वापरलं, नाताळच्या आधी घरी फुगे होतातच, दोन गोळे भिजवले, एकात खमीर, एकात नाही, आणि दोन्ही झाकून ठेवले. मुलं दर थोड्या वेळाने फडकं वर करून बघत होती. उत्तम मेंढपाळाची लाकडी माणूस-मेंढरं आणि कुंपण आहे, पण ठाण्यातल्या मुलाने मेंढरं कुठे बघितलीत? दिवाळीनंतर घाटावरून धनगर कोकणात उतरतात, पेणकडे जाताना रस्त्यात कळप लागला, पुढे माणूस, मागे सगळी मेंढरं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तसंच आहे, तो पुढे चालतो आणि मेंढरं मागे येतात. घरी आल्यावर मुलाने लाकडी मेंढपाळ उचलून सगळ्यात पुढे ठेवला.

एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी ठेवली. ऑक्टोबरच्या आगेऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादाला नेतो तेव्हा काही जणी म्हणाल्या की गव्हाऐवजी हेच दाखव ना, आपलं पीक. पण परमप्रसादाची भाकर गव्हाचीच असते, चर्चचा नियमच तसा आहे, मग बाल्कनीत ट्रेमध्ये गहू वेगळा पेरला. लोंब्या आमच्या हवेत नीट भरल्या नाहीत पण अंकुर तर बघितला.

आपल्याकडे सगळं बाहेरूनच आणावं लागतं असं वाटत असेल तर ताराबाई मोडकांचं काम वाचा. १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यांनी बालवाडी सुरू केली आणि मॉन्टेसरीचे विचार शंख-शिंपले, बिया, पानं यांवर उभे केले. मला सगळ्यात धीर तिथूनच आला.

उणीव कुठे राहते? सोबतीची. मॉन्टेसरीच्या वर्गात लहान मोठ्यांकडे बघून शिकतात, दोन मुलांच्या घरात ते होत नाही, कितीही महागडं साहित्य आणा. त्यासाठी रविवारचं धर्मशिक्षण आम्ही सोडलं नाही, फर्स्ट कम्युनियनसाठी (मुलांचा पहिला परमप्रसाद) आमच्या पॅरिशमध्ये ते लागतंच, आणि सुट्टीत वसईला मावस-मामे भावंडं. कायद्याचं थोडक्यात, आरटीई २००९ मध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहा ते चौदा वयाचं शिक्षण येतं आणि होमस्कूलिंगचं त्यात स्पष्ट काही नाही, बरेच पालक एनआयओएसचा (केंद्राचं मुक्त शाळा मंडळ) मार्ग धरतात, त्यांच्या ए, बी, सी पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या आहेत आणि दहावीला चौदा पूर्ण लागतात. मुलीचं आम्ही तसंच ठरवलंय.

राहिली मराठी अक्षरं, ती पॉलिश पेपरची मी घरीच कापली, स्वर निळ्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं गुलाबी, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या निळ्या पट्ट्यांवर. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते नंतर आणि लिहायची आधी, त्यामुळे आधी अक्षर ठेवायचं मग पट्टी डावीकडे सरकवायची असं करते, पटकन जमलं. येशू, मरिया, योसेफ मुलीने स्वतः जुळवले. ख्रिस्त, क्रूस, मिस्सा अडलेत कारण सगळी जोडाक्षरं, त्यासाठी आता अर्धी अक्षरं वेगळ्या अरुंद पट्ट्यांवर कापतेय, आणि रकाराला तिसरा रंग देऊन बघणार आहे.