जुन्या स्विफ्टचे लोअर आर्म बुश: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी २००८ ची स्विफ्ट, पेट्रोल. पुढे जाताना ब्रेक दाबला की एक ‘टक’, रिव्हर्समध्ये थांबवली की दुसरी ‘टक’. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं ते मात्र अख्ख्या पुढच्या सस्पेन्शनचं: शॉकअप, माउंट, लोअर आर्म, लिंक रॉड, टाय रॉड एंड, सगळंच. ‘गाडी जुनी आहे, एकदाच करून टाका’ याला निदान म्हणत नाहीत. बाहेरच्या गॅरेजमध्ये फक्त लोअर आर्मचे (चाक आणि बॉडी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याचे रबरी सांधे, बदलून घेतले आणि पूर्ण पावसाळा गाडी खड्ड्यांतून चालवली. ती ‘टक’ परत आलेली नाही.

आवाज कुठला हे ओळखायला पैसे लागत नाहीत. ब्रेक मारताना आणि रिव्हर्सला एकेकदाच वाजलं तर पहिला संशय लोअर आर्मच्या बुशवर. हळू वेगात फुटक्या रस्त्यावर सतत टकटक होत असेल तर बहुतेक लिंक रॉड, म्हणजे गाडी वळणात कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारची जोडदांडी. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून त्याच रस्त्यावरून हळू एक फेरी मारा, आवाज गेला तर निकाल लागला. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून ‘टंग’ करून सुटत असेल तर स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाचं) वरचं बेअरिंग बघा. पुढची चाकं उचलून, खाली स्टँड लावून चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, दिसला तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे धरल्यावर खेळ असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) किंवा रॅक एंड (त्याचा आतला सांधा). मागून ढकढक येत असेल तर आधी स्टेपनी आणि जॅक घट्ट बसलेत का ते पाहा.

बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून बघायचं. रबरावर वरवर भेगा असल्या तरी चालतं. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल तर बुश गेला.

आता मुख्य मुद्दा, कारण नवे बुश फुकट जातात ते इथेच. बुशची आतली नळी बोल्टने जागीच आवळली जाते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा मधलं रबर पिळतं. गॅरेजवाले गाडी लिफ्टवर असताना, चाकं खाली लोंबकळत असतानाच बोल्ट फुल टाइट करतात. मग गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या जागीही पिळलेलंच राहतं, आणि खड्ड्यात त्याच्यावर आणखी पीळ बसतो. काही महिन्यांत बुश फाटतो आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. बोल्ट आधी हातानेच बसवा. मग गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या जागेवर) चाकांवर उभी करून पुढून चार-पाचदा दाबा आणि नंतरच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. पिट नसेल तर बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावून बॉडी स्टँडवरून जेमतेम हलकी होईपर्यंत उचला आणि तशीच आवळा, स्टँड मात्र काढू नका. मेकॅनिक घाई करेल. तिथे उभं राहा.

बुश प्रेस मशीनवर दाबूनच बसवायचा. हातोड्याने बाहेरची नळी वाकडी होते. रबरात पोकळी असलेला बुश असेल तर जुना काढण्यापूर्वी त्याची दिशा आर्मवर पेंटने खुणावून ठेवा.

सुरुवातीला हे बाहेरचे बुश मला कडक वाटले. स्पीडब्रेकरवर हादरा जास्त जाणवायचा आणि कंपनीचाच माल घ्या, असं लिहायचं ठरवलं होतं. आता ते मत राहिलेलं नाही. रबर थोडं मोकळं झालं, हादरा कमी झाला आणि पावसाळ्यानंतर खालून पाहिलं तर कुठेही सुटलेलं नाही. बुश काही शेकड्यांत येतात, पूर्ण आर्मला त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर मात्र काटकसर करू नका, आर्मच बदला.

वॉशिंगनंतर गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल मारून घेण्याची सवय सोडा. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. स्टॅबिलायझरच्या बुशला कुरकुर असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरा.

शॉकअपवर नुसता तेलकट ओलावा दिसला म्हणून तो बदलू नका. तेल ओघळत असेल तर बदला, आणि जोडीनेच. नवा बसवण्याआधी उभा धरून तीन-चारदा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. रॉड पक्कडने धरू देऊ नका, क्रोमवर ओरखडा पडला की तो ऑइल सील कापतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट कोणी खोलत असेल तर तिथेच थांबवा. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

आर्म किंवा स्ट्रट खोलला की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं. नकलशी (चाक धरणाऱ्या भागाशी) जोडणाऱ्या स्ट्रटच्या दोन बोल्टांच्या भोकांत जो थोडा खेळ असतो, त्यानेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंटआउट मागा. टायर आतल्या कडेने जास्त झिजत असेल तर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बरचे आकडे तपासा, दोन्ही कडांनी झिजत असेल तर आधी हवा.