सातारा की सांगली? उन्हाळ्याच्या हवेपुरता हिशेब

नोकरी संपवून पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांचं गाडं हल्ली याच प्रश्नावर अडतं: घर साताऱ्यात घ्यायचं की सांगलीत? जागेचे भाव, पाणी, दवाखाने, मुलांना यायला-जायला काय सोयीचं, यावर तासन्‌तास खल होतो. हवेचा विषय मात्र एका वाक्यात निकालात निघतो. ‘सातारा थंड, सांगली तापते.’ मी सांगलीत वाढलो आणि आता साताऱ्यात राहतो, त्यामुळे दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर घेतलेत. दुपारपुरतं बोलायचं तर या वाक्यात फारसा दम नाही.

दुपारचं आधी उरकून टाकू. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे, सांगली 550 च्या आसपास. फरक दीडशे मीटरचा. एवढ्या उंचीने पारा उतरून उतरून उतरणार किती? एक अंश, फार तर दीड. एप्रिलमध्ये दोन्ही शहरं दुपारी 38 च्या आगेमागे असतात आणि एखाद्या वाईट आठवड्यात दोन्ही चाळिशी गाठतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवसही दोन्हीकडे येतो, सांगलीत दोन-तीन दिवस आधी, साताऱ्यात नंतर. त्यामुळे ‘अजिंक्यताऱ्याच्या सावलीतलं घर’ असं कुणी कौतुकाने दाखवत असेल तर विचारा, सावली कुठल्या महिन्यातली? गड शहराच्या दक्षिणेला आहे. डिसेंबरात पायथ्याच्या घरांचं ऊन तो अडवतो, मेमध्ये सूर्य थेट माथ्यावर असताना त्याचा काहीएक उपयोग नाही. दुपारी एक ते पाच दोन्हीकडे पडदे ओढून बसायचं, पन्हं प्यायचं, विषय संपला.

दिवेलागणीनंतर

फरक पडतो तो इथे, आणि चांगलाच पडतो.

साताऱ्यापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर आहे, सांगलीपासून 130 च्या घरात. समुद्रावरून दुपारी निघालेला वारा सह्याद्री चढून पठारावर येतो. साताऱ्यात तो बहुतेक दिवशी संध्याकाळी जाणवतो. सांगलीत पोचेपर्यंत जेवणं झालेली असतात आणि त्याचा जोरही ओसरलेला असतो. काही दिवशी तो येतच नाही.

साताऱ्याला आणखी एक आधार आहे डोंगरांचा. सूर्य मावळला की यवतेश्वर आणि त्यामागचं कासचं पठार भराभर निवतं. हे माथे शहरापेक्षा चारपाचशे मीटर उंच. तिथली हवा थंड झाली की जड होते आणि उतारांवरून, ओढ्यांच्या वाटेने खाली सरकते. शिवाय मेढ्याकडून कण्हेरमार्गे येणारं वेण्णा नदीचं खोरं शहराच्या उत्तर अंगाला मोकळं होतं. शाहूपुरी, करंजे या बाजूला राहणाऱ्यांना या दोन्हीचा फायदा मिळतो. रात्री दहानंतर पंखा एकवर आणि पहाटे अंगावर चादर, हे तिथे एप्रिलमध्येही घडतं.

पण अख्ख्या साताऱ्याला हे सुख समान वाटलेलं नाही. गडाच्या अगदी पायथ्याला चिकटून असलेल्या गल्ल्यांत दिवसभर तापलेला काळा कातळ रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. आणि गोडोली, शाहूनगर हा भाग गडाच्या पूर्वेच्या अंगाला येतो, म्हणजे पश्चिमेचा वारा गडावर आपटून वरून निघून जातो. तिथे काही इमारतींत पाचव्या मजल्यावर पडदे फडफडत असतात आणि दुसऱ्या मजल्यावर पान हलत नाही. ‘साताऱ्यात फ्लॅट घेतलाय, एसीची गरजच नाही’ हे वाक्य कुठल्या सोसायटीतून आलं हे पाहूनच मी त्यावर विश्वास ठेवतो.

सांगलीचं तसं नाही. सगळं सपाट, वाऱ्याला अडवायला डोंगरच नाही. दुपारचा पश्चिमेचा वारा विश्रामबागेत काय आणि मिरजेत काय, सारखाच सुटतो. पण तो गरम असतो आणि धूळ घेऊन येतो. संध्याकाळी तो पडला की मग घुसमट. भोवताली मैलोन्‌मैल भिजवलेला ऊस, तो दिवसभर पाणी हवेत सोडतो. त्याने शिवारात गारवा वाटतो खरा, पण तीच ओल रात्री शहरात चिकचिक बनून येते. जुने सांगलीकर म्हणूनच संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात. पहिल्या बादलीला स्लॅबमधून चर्र आवाज येतो, मातीचा वास सुटतो आणि तासभर गच्ची उलट जास्तच उकडते. अकराच्या सुमारास तिथे गादी टाकण्याजोगं होतं. पहाटे तीन ते सहा ही मात्र सांगलीची खरी झोप, आणि ती साताऱ्याच्या पहाटेपेक्षा काही कमी नसते.

कूलरचं म्हणाल तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तो दोन्हीकडे झकास चालतो. वळीव सुरू झाला की हवेत ओल येते आणि कूलर नुसता आवाज करतो. सांगलीत ते दिवस जास्त जाचतात, कारण साताऱ्यात मेच्या शेवटी यवतेश्वरावर ढग टेकायला लागतात आणि उन्हाळा तसाच आवरतं घेतो.

नदीकाठचा मोह

सांगलीत उन्हाळ्यात हवा कुठे बरी, असं कुणालाही विचारा. बोट कृष्णेकडेच जाईल. हरिपूर रस्ता, सांगलीवाडी, आयर्विन पुलाजवळचा भाग. पाण्यावरून येणारी झुळूक, चिंचेची-वडाची मोठी झाडं, संध्याकाळी फिरायला मोकळा काठ. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर एप्रिलच्या संध्याकाळी जाऊन आलेला माणूस तिथेच प्लॉट बघायला लागतो.

त्याने थोडं थांबावं. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 2005 आणि 2021 लाही शहरात पाणी शिरलं. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं प्रसिद्ध होती. 2005 च्या पुराने त्यांतली बरीच खराब केली. म्हणजे सांगलीतली सर्वांत गार जागा आणि सर्वांत धोक्याची जागा बऱ्याचदा एकच. दोन महिन्यांच्या झुळकेसाठी पूररेषेत घर घेऊ नका, एवढं मी स्पष्टच सांगेन. विश्रामबाग उकडते, पण घर कोरडं राहतं.

श्वासात काय जातं

कागदावर इथे सातारा जिंकतो. केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मर्यादा पाळू न शकलेल्या शहरांची जी यादी त्यात आहे, तीत महाराष्ट्रातून सांगलीचं नाव आहे, साताऱ्याचं नाही. आपल्याकडे दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वर्षभराची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत असावी असा दंडक आहे. अर्थात ही यादी जिथे वर्षानुवर्षं मोजणी झाली त्या शहरांमधूनच निघते, तेव्हा यादीत नसणं म्हणजे स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र नव्हे.

उन्हाळ्यापुरतं पाहिलं तर दोन्हीकडे एक गोष्ट बरी असते. जमीन तापली की हवा वर उठते, धूर-धूळ उंच जाऊन पातळ होते. कोंडलेला धूर ही हिवाळ्याची तक्रार. उन्हाळ्यात त्रास देते ती जाड धूळ, आणि ती दोन्हीकडे वेगवेगळ्या ठिकाणाहून येते.

सांगलीत ती रस्त्याच्या कडेची, काळ्या मातीची, बारीक आणि चिवट. मार्चपर्यंत कारखान्यांचे हंगाम चालू असतात. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काजळीचे ठिपके दिसले की समजायचं, बॉयलर पेटलाय. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात तो धूर वेगळा. नदीकाठच्या वीटभट्ट्या पावसापर्यंत धुमसतात. मार्केट यार्डाच्या आसपास हळदीच्या मोसमात पॉलिशची पिवळी भुकटी हवेत असते. वास मला प्रिय, पण दम्याच्या माणसाने तिथून लांबच राहावं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीचा धूर उन्हाळी वारा बहुधा पूर्वेकडे नेतो, म्हणून विश्रामबागेला त्याची झळ कमी.

साताऱ्याचं दुखणं म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून डोंगरावरचं गवत वाळतं आणि ‘जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं’ या समजुतीने, नाहीतर कुणाच्या विडीने, अजिंक्यताऱ्याला आणि यवतेश्वराच्या उताराला आग लागते. रात्री लांबून ती सोनेरी रेघ बघणाऱ्याला छान वाटते. सकाळी गच्चीवर जावं तर कुरडयांच्या प्लास्टिकवर काळी, पिसासारखी राख पडलेली. बोट लावलं की पसरते आणि ओली कुरडई राखाडी होते. जो उतारावरचा गार वारा मी वर एवढा वाखाणला, तोच हा धूर रात्री अंथरुणापर्यंत आणून सोडतो. वणव्याच्या रात्री खिडक्या लावून उकाड्यात झोपावं लागतं, हा सातारी उन्हाळ्याचा हिशेबात न धरला जाणारा भाग.

महामार्ग शहराच्या पूर्वेने जातो. दिवसा पश्चिमेचा वारा ट्रकांचा धूर शहरापासून लांब ढकलतो. पण खेड, संगमनगर, कोडोलीच्या अंगाला राहणाऱ्यांच्या वाट्याला तो येतोच, आणि रात्री वारा पडला की सखल भागात रेंगाळतो. बॉम्बे रेस्टॉरंट चौकाजवळ स्वस्तात फ्लॅट मिळाला तर तो स्वस्त का, याचं अर्धं उत्तर हेच.

जाता जाता एक गंमत. औषधं नव्हती तेव्हा क्षयाच्या रोग्यांना हवेसाठी जिथे ठेवत, अशा जागा दोन्ही जिल्ह्यांत होत्या. सातारा जिल्ह्यात पाचगणीचं बेल-एअर 1912 चं, आणि सांगलीकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनिटोरियम. एक थंड डोंगरावर, दुसरं कोरड्या माळावर. डॉक्टरांना दोन्ही हवा चालल्या.

मग कुणी काय घ्यावं

झोप नीट लागणं हीच ज्यांची मुख्य गरज आहे, त्यांनी सातारा. त्यातही उत्तर-पश्चिमेची मोकळी बाजू, तिसऱ्या मजल्याच्या वर, डोंगराच्या गवताला लागून नसलेलं घर. यवतेश्वरावर आणखी तीन अंश उतरतात, पण रात्री-बेरात्री घाट उतरून दवाखाना गाठावा लागेल, तेव्हा साठीनंतर तो विचार नको.

गुडघे कुरकुरतात किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी उकाडा सोसावा आणि सांगली घ्यावी. सपाट रस्त्यावर सकाळी चालता येतं, आणि मिरजेचे दवाखाने पंधरा-वीस मिनिटांवर. एक खोली एसीची केली की एप्रिल-मे निघतात.

दम्याच्या माणसाचं उत्तर मात्र उन्हाळ्यावर ठरवू नये. साताऱ्यात पाऊस सांगलीच्या दीडपटीहून जास्त. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटात बुरशी. धुळीने ज्यांना खोकला येतो त्यांना सातारा मानवतो, बुरशीने येतो त्यांना सांगली. ॲलर्जी नेमकी कशाची, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मगच टोकन द्या.

घर बघायला एजंट सकाळी अकराला नेतात, तेव्हा सगळीच घरं सारखी. मेमध्ये संध्याकाळी साडेसातला एकदा जाऊन या. पश्चिमेची खिडकी उघडा, उदबत्ती लावून धूर कुठे वळतो ते पाहा, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर बोट फिरवून काळं येतं की तपकिरी ते बघा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना विचारा की रात्री पंखा कितीवर असतो. जमलं तर आधी एक मे महिना भाड्याने काढा. अकरा महिन्यांच्या करारासाठी अडून बसणारा मालक दोन्ही शहरांत भेटेल, पण शोधलं तर दोन महिन्यांसाठी देणारेही सापडतात.