कफवाली ट्यूब की बिनकफची?
पूर्वी 8 वर्षांखालच्या पोरांना व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत सर्रास बिनकफची ट्यूब घालायचे (कफ म्हणजे छातीतला नव्हे हां, ट्यूबवरचा छोटा फुगा), कारण फुग्याने श्वासनळीला इजा होईल ही भीती. पण बिनकफच्या ट्यूबच्या बाजूने फट राहते, जंतूवाली लाळ खाली फुफ्फुसात झिरपते आणि साइज चुकली की परत काढा-घाला, त्याने न्यूमोनियाचा धोका अजून वाढतो. 2009 च्या युरोपातल्या 2246 मुलांच्या ट्रायलमध्ये (ऑपरेशनवेळची, आयसीयूतली नाही) बिनकफवाल्या 30.8 टक्के मुलांची ट्यूब बदलावी लागली, कफवाल्यांत फक्त 2.1, आणि ट्यूब काढल्यानंतरची श्वासाची घरघर (श्वासनळीला इजा झाल्याची खूण) दोन्हीकडे जवळपास सारखीच. मी तरी कफवालीच म्हणेन, फक्त फुग्याचं प्रेशर मोजत राहायला हवं, आणि कफ असला तरी लाळ थोडी झिरपतेच, म्हणून डोक्याची बाजू उंच ठेवायचीच.