पेनाक्लोदियाई, उत्तर वेल्स: दगड शोधू नका, बांध बघा

⭐⭐⭐⭐ (पाचपैकी चार)

लेक लिव्हरपूलला असते. "आई, तुला किल्ला दाखवते," म्हणून तिने क्लुइडियन डोंगररांगेत नेलं. गाडी लावली, झाडीतून पाऊण तास चढलो (माझ्या गुडघ्यांच्या हिशेबाने), आणि वर बघते तर काय, गवत, हेदरची झुडपं आणि मेंढ्या. बुरूज नाही, दरवाजा नाही. जावईबापू हळूच म्हणाले, "किल्ला पुढच्या डोंगरावर असेल."

किल्ला आमच्या पायाखालीच होता! मी शेतकऱ्याच्या घरातली, तरी मला बांध ओळखू आला नाही, याची लाज वाटली. बाहेरच्या अंगाला खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचायची. एवढंच तंत्र, पण लोहयुगात, म्हणजे दोन हजार वर्षांहूनही आधी, वीस हेक्टरांपेक्षा मोठ्या माथ्याभोवती हे हाताने केलंय. काही ठिकाणी बांध एकामागे एक आहेत. नावातच सगळं आहे: वेल्शमध्ये 'क्लौद' म्हणजे बांध, 'क्लोदियाई' हे त्याचं अनेकवचन, आणि 'पेन' म्हणजे माथा. आत घरांसाठी सपाट केलेल्या जागा आहेत. त्या मला लेकीने दाखवल्यावरच दिसल्या.

दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट दिसतं. आम्ही पाच वाजेपर्यंत रेंगाळलो, ऊन तिरपं झालं आणि खंदकात सावली भरली, तेव्हा कुठे पूर्ण तटबंदी डोळ्यांपुढे उभी राहिली.

तिकीट नाही, पण वर आडोसा किंवा चहाची टपरीही नाही. एक तारा त्याचाच कापला. ऑफाज डाइक ही लांब पल्ल्याची पायवाट किल्ल्यातूनच जाते, त्यामुळे वाट चुकत नाही. फक्त बांधाच्या कडेवरून चालू नका, माती सुटते. हे संरक्षित स्मारक आहे. परवानगीशिवाय खणणं किंवा धातुशोधक यंत्र फिरवणं गुन्हा आहे. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या वाटच बघत असतात.

आणि टोपी घट्ट बांधा. जावईबापूंची बहुधा अजून त्या खंदकातच असेल.