करिझ्माचं इंजिन, इम्पल्सची चेसिस आणि एक साइड स्टँड: नऊ महिन्यांनंतर

परवा रविवारी गाडी तुळशी वृंदावनावर आडवी झाली. वृंदावनाचा कोपरा उडाला, ब्रेकचा लिव्हर वाकला आणि आईने गाडीचा व माझा एकदमच उद्धार केला. "आधी त्या सांगाड्याला नीट उभं राहायला शिकव, मग डोंगर चढव." नऊ महिने लिहीन लिहीन म्हणत होतो, आता राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

२०१२ची हिरो इम्पल्स (कच्च्या रस्त्याची दीडशे सीसी गाडी), पिस्टन जाम झालेली, कोरेगावकडच्या एका गोठ्यातून १४ हजारांना उचलली. तिच्यात हिरोच्याच जुन्या करिझ्माचं २२३ सीसी इंजिन. पुढचे शॉकअप, ते धरून ठेवणारी टी आणि २१ इंची चाक अपघातात ठोकलेल्या हिरो एक्सपल्सचं. मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आणि चाक इम्पल्सचंच. दोन्ही गाड्यांचं मूळ होंडाचं, म्हणून हे जमलं. इम्पल्स ब्राझीलच्या एनएक्सआर ब्रॉसवरून आलेली, आणि करिझ्माचं इंजिन सीआरएफ २३० या डर्ट बाइकच्या खानदानातलं. आपल्याकडे २००३ साली ते हायवेच्या गाडीत बसवलं गेलं. मी फक्त त्याला माहेरी पाठवलं.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. दीडशे सीसीची इम्पल्स चढाला दम टाकायची, ही दुसऱ्या गिअरवर ढेकळातून आरामात निघते. एअर फिल्टरचा डबा बदलल्यावर सुरुवातीला सायलेन्सरमधून फटाके वाजत होते. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) मोठा टाकला, गप्प झाली. पेट्रोल पिते, पण ते माहीत असूनच आणली होती.

चेनने मात्र दोन महिने खाल्ले. इंजिन बसलं, पण पुढचं स्पॉकेट (चेनचं दातेरी चाक) मागच्यापेक्षा पाच मिलिमीटर बाहेर. दोरी लावून बघितली तेव्हा कळलं. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून मागच्या स्पॉकेटखाली पॅकिंग करून घेतलं. तरी खड्ड्यात चेन कडक व्हायची. कारण साधं आहे: पुढचं स्पॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. त्यामुळे गाडी स्टँडवर ठेवून ढिलाई मोजायची नाही. दोन धडधाकट माणसं सीटवर बसवा, तिन्ही बिंदू एका रेषेत आणा आणि त्या वेळी थोडी ढिलाई उरते का ते बघा. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी एक चेन वाचली असती.

आता स्टँड. पुढचं चाक १९चं २१ झालं, शॉकअप लांब आले, गाडीचं नाक वर गेलं. शॉकअप टीमधून जमेल तेवढे वर ओढले, तरी मूळचा साइड स्टँड आखूड पडायचा. गाडी डावीकडे इतकी झुकायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला चक्कर आली. पाच महिने मी स्टँडखाली अर्धी वीट ठेवून भागवलं. शेतात जाताना वीट सॅकमध्ये. हसू नका, नवा स्टँड आणि त्याचं ब्रॅकेट मिळून बाराशे सांगत होते. लोखंडाच्या एका दांडीला बाराशे!

शेवटी पोवई नाक्याजवळच्या एका वेल्डरकडून तोच स्टँड ४५ मिलिमीटर वाढवून घेतला. शंभर रुपये. चार महिने गाडी अंगणात झकास उभी. आणि परवा उजवीकडे कोसळली. वर दोन परिच्छेदभर मी त्या वेल्डरला शिव्या लिहिल्या होत्या, त्या आता काढून टाकल्या आहेत.

झालं असं की भांडायला जाण्याआधी, पुरावा म्हणून, अंगणात पाण्याची नळी लावून लेव्हल बघितली. आमचं अंगण मोरीकडे उतरतं. गाडी रोज दाराकडे तोंड करून लागते, तेव्हा मोरी डाव्या हाताला. म्हणजे स्टँडची बाजू खोलगट. मी वेल्डरला माप दिलं ते तिथलं. सपाट जागेला स्टँड लांब पडत होता, आणि रविवारी गाडी पहिल्यांदाच उलटी लावली, तर स्टँड चढाच्या बाजूला आला. गाडी जवळजवळ ताठ उभी होती. टॉवेल वाळत घालायला भाऊ हँडलला टेकला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. चार महिने मेव्हण्याच्या पिकअपमध्ये ती डुगडुगायची, तेव्हा दोष मी पिकअपच्या पाट्यांना देत होतो.

पिकअप का, तर आरसीवर अजून जुनंच इंजिन आहे. मूळ तपशील बदलून गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि मला आरटीओत चकरा मारायची हौस नाही. त्यामुळे ही फक्त आमच्या आणि ओळखीच्यांच्या रानात फिरते. कासला नेणार का म्हणून विचारणाऱ्यांना: नाही. त्या पठारावर टायर घालणाऱ्याच्या गाडीची हवा मी स्वतः सोडीन.

खर्च: चेसिस १४,०००, इंजिन १६,०००, पुढचा सेट १५,५००, लेथ-वेल्डिंग ६,२००, किरकोळ ९,८००. एकूण ६१,५००. बायको म्हणते, यात थोडे घातले असते तर जुनी एक्सपल्स दारात आली असती, कागदपत्रांसकट आणि स्वतःच्या स्टँडवर. खरं आहे. पण जुनी एक्सपल्स घेतली असती तर चेन कुठल्या रेषेत मोजायची हे मला आजही कळलं नसतं, असं मी तिला सांगितलं. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

काल स्टँड २० मिलिमीटर कापून घेतला, या वेळी माप देवळासमोरच्या फरशीवर घेतलं. टोकाला तळहाताएवढी पट्टी लावली, ओल्या रानात रुतू नये म्हणून. वेल्डरने पन्नास घेतले आणि "वाढवायचे शंभर, कमी करायचे पन्नास" असा हिशेब सांगितला. वृंदावनाच्या कोपऱ्याला सिमेंट लावलंय, आई रोज पाणी मारतेय.

इम्पल्सचं जाम झालेलं इंजिन पडून आहे. ब्लॉक गेलाय, गिअरबॉक्स चांगला. भंगाराच्या भावाने देईन, पण येऊन न्यायचं. अर्धी वीट त्यावर फुकट.